दोन वेळापत्रके : कोलकात्याहून बसने समुद्राकडे

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून कोलकात्यास गेलेल्या कुटुंबाला पहिल्या काही महिन्यांतच एक उणीव जाणवू लागते. रविवारी सकाळी पायाखाली घालावा असा एकही डोंगर तेथे नाही. गड नाही, घाट नाही, पठार नाही. नजर पोहोचेल तेथवर सपाट, पाणथळ भूमी आणि दक्षिणेस शंभराहून अधिक किलोमीटरवर समुद्र. तथापि चालण्याची हौस असणाऱ्याने निराश होण्याचे कारण नाही. बंगालचा हा त्रिभुज प्रदेश चढण्याचा नसून काठाकाठाने चालण्याचा आहे. नदीचे बांध, मत्स्यतळ्यांच्या पाळी आणि ओहोटीने उघडी पडणारी वाळू या तेथील पाऊलवाटा होत. त्यांच्या तोंडाशी नेऊन सोडणारी सरकारी बसही मिळते.

मात्र एक पथ्य आहे. सह्याद्रीत जाताना आपण एस.टी.चे वेळापत्रक पाहतो. येथे त्याच्या जोडीला पाण्याचेही वेळापत्रक पाहावे लागते. ही दोन जुळली, तर सहल निर्वेध होते. त्यांतील एकाचाच विचार केला, तर कधी बस चुकते आणि कधी वाट पाण्याखाली जाते.

पाण्याचा हिशेब

समुद्राला साधारणपणे २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. त्यामुळे आज दुपारी बारास असलेली ओहोटी उद्या पाऊण वाजण्याच्या सुमारास येईल. अमावास्या व पौर्णिमेच्या आगेमागे पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. कोकणात त्यास ‘उधाण’ म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही चढउतार मंदावते, तो ‘भांग’. बंगाली कोळ्यांच्या बोलीत हेच अनुक्रमे ‘भरा कोटाल’ आणि ‘मरा कोटाल’.

कोकणपट्टीत तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. हा आडाखा पश्चिम किनाऱ्याचा आहे. तो बंगालला लावू नये. हुगळीत तर एकच भरती आधी सागर बेटापाशी, नंतर डायमंड हार्बरला आणि काही तासांनी कोलकात्यास पोहोचते. म्हणून ज्या ठिकाणी जायचे, तेथलीच वेळ घ्यावी. भारतीय सर्वेक्षण विभाग हुगळी नदीसाठी भरती-ओहोटीचे स्वतंत्र कोष्टक प्रसिद्ध करतो.

आता पाणी चढते कसे, ते पाहू. ते सहा तास एकाच गतीने चढत नाही. नाविकांचा ढोबळ नियम असा, की एकूण चढाचे बारा भाग केले, तर सहा तासांत अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक भाग पाणी वाढते. चेन्नईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर जेमतेम मीटरभर असते. हुगळीच्या मुखाशी उधाणात ते चार मीटरच्या पुढे जाते. समजा, चढ ४.८ मीटर आहे. पहिल्या तासात पाणी अवघे ०.४ मीटर वाढेल, दुसऱ्यात ०.८ आणि तिसऱ्या व चौथ्या तासांत प्रत्येकी १.२ मीटर. म्हणजे निम्मा चढ मधल्या दोन तासांतच होतो. वाळूचा उतार पन्नासास एक असेल, तर १.२ मीटर चढ म्हणजे तासाभरात साठ मीटर किनारा पाण्याखाली. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबून पुढे गेलेला माणूस फसतो, तो याच ठिकाणी.

यावरून सूत्र निघते : ओहोटीच्या नीचतम वेळेच्या दोन तास आधी वाळूवर उतरावे आणि ती वेळ उलटून एक तास होण्याच्या आत परतीच्या वाटेला लागावे. हा नियम खुल्या किनाऱ्याचा आहे. नदीत भरती थोड्या वेळात जोराने शिरते. उधाणाच्या दिवसांत तर पाण्याची भिंत उलट्या दिशेने चालून येते. तिला तेथे ‘बान’ म्हणतात. अशा वेळी घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर थांबू नये.

अर्ध्या दिवसाची वाट

प्रारंभ शहराच्या वेशीवरूनच करावा. कोलकात्याच्या पूर्वेस, बासंती महामार्गावर बानतल्याच्या दिशेने जाणाऱ्या बसमधून उतरले, की दोन्ही बाजूंस विस्तीर्ण मत्स्यतळी दिसू लागतात. त्यांना ‘भेडी’ म्हणतात. शहराचे सांडपाणी या उथळ तळ्यांत सोडले जाते. ऊन आणि शेवाळ यांच्या साहाय्याने ते निवळते, त्यावर मासे पोसले जातात आणि लगतच्या धापा भागात भाजीपाला पिकतो. यंत्रावाचून चालणाऱ्या या व्यवस्थेचे मोल ध्रुबज्योती घोष यांनी आयुष्यभराच्या अभ्यासातून जगापुढे मांडले. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या क्षेत्रास २००२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. पाळींवरून चालताना जाळी व तळ्यांचे दरवाजे यांना हात लावू नये. ती कोणाची तरी उपजीविका आहे. खासगी पाळीवर परवानगी विचारूनच पाऊल टाकावे.

एका दिवसाची वाट

एस्प्लनेड, म्हणजेच धर्मतला, येथून डायमंड हार्बर सुमारे ५० किलोमीटर. येथे हुगळी नदी समुद्राचे रूप घेऊ लागते आणि पैलतीर धूसर होतो. भारतातील तारायंत्राची पहिली प्रायोगिक वाहिनी १८५०-५१ मध्ये कोलकाता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यानच टाकली गेली. बंदराकडे येणाऱ्या जहाजांची वार्ता शहरास लवकर मिळणे व्यापारासाठी किती मोलाचे होते, हे या काठावर उभे राहिले म्हणजे उमगते.

दुसरी वाट हावडा जिल्ह्यातील गादियाराची. येथे रूपनारायण हुगळीस मिळते. काठाने तास-दोन तास चालावे आणि फेरीबोटीने पलीकडच्या गेंओखाली किंवा नूरपूरला जाऊन निराळ्या मार्गाने परतावे. फेरी कधी बंद होते, हे मात्र उतरताच विचारून घ्यावे.

मुक्कामाची वाट

खऱ्या समुद्रासाठी एक रात्र हाताशी हवी. धर्मतल्याहून बक्खालीस थेट बस जाते. अंतर सुमारे १३० किलोमीटर. पूर्वी नामखान्याला हातानिया-दोआनिया नदीवर बस तराफ्यावर चढवून पार करावी लागे. २०१९ मध्ये पूल झाला आणि तो खोळंबा संपला. बक्खालीची वाळू घट्ट व जवळजवळ सपाट आहे. पश्चिमेस फ्रेझरगंजपर्यंत दोन-एक किलोमीटर वाळूवरून चालत जाता येते. सर अँड्र्यू फ्रेझर या बंगालच्या नायब राज्यपालाच्या नावावरून हे नाव पडले. येथे मच्छीमार बंदर आहे. सपाट वाळूवर लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी, की भरतीचे पाणी आधी खोलगट चरांतून शिरते. समोर समुद्र दूर दिसत असतानाच पाठीमागचा चर भरून येऊ शकतो. म्हणून चर ओलांडून पलीकडच्या वाळूवर फार काळ रेंगाळू नये.

दिघा सुमारे १८५ किलोमीटरवर. बसला चार-पाच तास लागतात. जुन्या दिघ्यास दगडी बांध आहे आणि भरतीच्या वेळी लाटा थेट त्यावर आदळतात. तेव्हा तेथे चालण्यास वाळू उरत नाही. ओहोटी साधून नव्या दिघ्याहून उदयपूरकडे निघावे. ही वाट ओडिशाच्या सीमेपर्यंत जाते. अधिक निवांत किनारा हवा असेल, तर दिघ्याच्या वाटेवर बालिसाईला उतरून ताजपूर किंवा चाउलखोल्याला उतरून मंदारमणी गाठावे. तेथून पुढे तीनचाकी वाहने मिळतात.

सागर बेटाची तऱ्हा अगदी उलट. काकद्वीपजवळच्या आठ नंबर लॉटपर्यंत बस, तेथून मुडीगंगेतून बोटीने कचुबेडिया आणि पुन्हा सुमारे ३० किलोमीटर बस. या नदीत गाळ इतका साचतो, की ओहोटीत बोटी काही तास थांबतात. किनाऱ्यावर जी ओहोटी आपली मित्र, तीच येथे खोळंबा करते. म्हणूनच कोष्टक ठिकाण पाहून वाचावयाचे असते.

काठ सरकतो आहे

हे गणित केवळ प्रवाशाच्या सोयीचे नाही. २६ मे २०२१ रोजी ‘यास’ चक्रीवादळ ओडिशात बालेश्वरजवळ जमिनीवर आले. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. वादळाने लोटलेले पाणी आणि पौर्णिमेचे उधाण एकत्र आले. दिघा, मंदारमणी व सागर येथे वादळाच्या केंद्रापासून दूर असूनही समुद्र वस्तीत शिरला. त्याआधीच्याच वर्षी, २० मे २०२० रोजी, ‘अम्फान’ने सुंदरबन झोडपले होते. सागर बेटावरील कपिल मुनींची पूर्वीची मंदिरे समुद्राने गिळली. जवळचे घोडामारा बेट झिजत आहे. पाहुण्याला ओहोटीचे कोष्टक एका दिवसापुरते लागते. तेथील गृहिणीला आणि कोळ्याला ते जन्मभर पाठ असावे लागते.

याच कारणाने किनाऱ्यावरील सुरू व कांदळ यांची फांदीही तोडू नये, लाल खेकड्यांच्या बिळांवरून वाहन नेऊ नये आणि वाळूत प्लास्टिक टाकू नये. मुळांनी धरून ठेवलेली माती हीच त्या काठाची ठेव आहे. ती एकदा मोडली, की परत जमा होण्यास पिढ्या लागतात.

निघण्यापूर्वी

आदल्या दिवशी त्या ठिकाणची ओहोटीची वेळ कागदावर लिहून घ्यावी आणि तिच्या शेजारी परतीच्या शेवटच्या बसची. बसची वेळ उतरताच वाहकाकडून किंवा स्थानकावर पुन्हा पडताळावी. वादळाचा इशारा असता किनाऱ्याकडे फिरकू नये. स्थानिक कोळी ‘आता मागे फिरा’ म्हणाला, तर घड्याळ न पाहता मागे फिरावे. छापील कोष्टकात वाऱ्याचा हिशेब नसतो. त्याच्या बोलण्यात तो असतो.