मनसरचा काळा दगड

मनसरच्या मँगॅनीज खाणीकडून आणलेला मुठीएवढा काळा दगड मी तीन वर्षं ‘पायरोल्युसाइट’ (मँगॅनीज डायऑक्साइड) अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवला होता. बोट फिरवलं की काळं व्हायचं; मला तेवढा पुरावा पुरला. तो निघाला ब्राउनाइट, म्हणजे मँगॅनीजचं सिलिकेट. पण ते कळण्याआधी मी छाती जाळून घेतली.

पावसाळा होता, खोलीची खिडकी बंद. परीक्षानळीत दगडाची पूड, तिच्यावर संहत हायड्रोक्लोरिक अम्ल, खाली स्पिरिटचा दिवा. ब्लीचिंग पावडरसारखा उग्र वास आला आणि श्वासच अडला. तो क्लोरीन होता. १७७४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी हा वायू मिळवला तो पायरोल्युसाइट आणि याच अम्लापासून. हे मला पाठ होतं, तरी त्या क्षणी सुचलं नाही. खोकला आठवडाभर टिकला. ही परीक्षा घरी कुणीही करू नये, अगदी खिडकी उघडी ठेवूनसुद्धा.

आणि तिची घाई तरी कशाला? दगड ओला करून फोडा, धूळ नाकात जाऊ देऊ नका, आणि ताजा पृष्ठभाग पाहा. माझी फसगत वरच्या थराने केली होती. ब्राउनाइट झिजून त्यावर मऊ ऑक्साइडं चढतात, तीच बोटाला लागतात. आतला भाग पोलादी करडा-काळा, काचेवर ओरखडा काढणारा. कठिनता ६ ते ६.५. बिनझिलईच्या फरशीवर घासलं तर कस तपकिरी-काळा येतो. विशिष्ट गुरुत्व ४.७ ते ४.८, त्यामुळे हाताला वजन जाणवतं.

एवढ्यावरही बिक्सबाइट हे सिलिका नसलेलं मँगॅनीज ऑक्साइड चकवू शकतं. पुढे प्रयोगशाळेत, धूरकपाटात, माझ्याच दगडाची पूड अम्लात विरघळवली. क्लोरीन पुन्हा निघाला. तो दोन्ही खनिजांतून निघतोच. पण तळाशी खिरीसारखी सिलिका उरली, आणि तिथे माझी खात्री पटली. क्ष-किरण विवर्तनाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

नुसतं मँगॅनीज मोजून माझ्या चिठ्ठीतली चूक कळली नसती: शुद्ध पायरोल्युसाइटमध्ये ते ६३.२ टक्के, शुद्ध ब्राउनाइटमध्ये ६३.६. ब्राउनाइटमधली सुमारे १० टक्के सिलिका मात्र स्फटिकाच्या बांधणीतच असते. धातुक कितीही धुतलं तरी ती निघत नाही.