पत्रातून जन्मलेले पुस्तक

मुलांनो, लेखकाने पदरच्या पैशाने छापलेली पुस्तके आमच्या शाळेच्या ग्रंथालयात बहुधा मागच्या फळीवर जात. त्यांचा परिचय करून देणारा कोणी नसे. हे मला आजही खटकते. अशाच एका पुस्तकाची ही हकिकत आहे.

सन १८९३ च्या सप्टेंबरात बिआट्रिक्स पॉटर या इंग्रज चित्रकर्तीने नोएल नावाच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला पत्र लिहिले. काय लिहावे हे सुचेना, म्हणून पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्टच चित्रांसह लिहून धाडली. नोएलने ते पत्र जपून ठेवले होते. काही वर्षांनी पॉटरबाईंनी ते मागून घेतले व त्याचे पुस्तक रचले.

प्रकाशकांनी मात्र ते नाकारले. पुस्तक चिमुकल्या हातांत मावेल एवढे लहान आणि मुलांना परवडेल इतके स्वस्त असावे, हा बाईंचा आग्रह होता. तो त्यांनी सोडला नाही. डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. आरंभीचे एकच चित्र रंगीत. बाकीची सारी काळ्या रेषांची. जाहिरात कोठली? काही प्रती आप्तेष्टांना दिल्या, काही विकल्या. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे कॉनन डॉयल यांनीही आपल्या मुलांसाठी एक प्रत घेतली. एकाने वाचावे, दुसऱ्यास सांगावे, असा तो प्रसार! दोनच महिन्यांत आणखी २०० प्रती काढाव्या लागल्या.

ऑक्टोबर १९०२ मध्ये ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ हे पुस्तक रंगीत चित्रांसह बाजारात आले. प्रकाशक होते फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनी. पूर्वी नकार देणाऱ्यांपैकीच एक.