एका सामुद्रधुनीचे दोन तीर आणि जैवतंत्रविद्येचा उद्योग

डेन्मार्क व स्वीडन ह्या दोन देशांना एरेसुंड नावाची एक चिंचोळी सामुद्रधुनी विभागते. तिच्या पश्चिमेस डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, तर पूर्वेस स्वीडनमधील माल्मो व लुंड ही नगरे आहेत. पूर्वेकडील हा प्रांतही एके काळी डॅनिश राजाच्या अमलाखाली होता. १६५८ च्या तहाने तो स्वीडनकडे गेला आणि नव्या प्रजेस स्वीडिश वळण लावावे ह्या हेतूने १६६६ साली लुंड येथे विद्यापीठ स्थापन करण्यात आले. दोन तीरांमध्ये अंतर पाडण्यासाठी जन्मलेले हेच विद्यापीठ पुढे त्यांना जोडण्याच्या कामी अग्रभागी राहिले, हा इतिहासाचा एक गमतीदार खेळच म्हणावा लागेल.

ह्या प्रदेशातील औषधनिर्मितीची कथा एका रुग्ण स्त्रीपासून सुरू होते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी ऑगस्ट क्रोग हे १९२२ साली व्याख्यानांसाठी अमेरिकेस गेले. त्यांची पत्नी मारी ही स्वतः डॉक्टर असून तिला मधुमेह होता. टोरांटो येथे नुकत्याच शोधल्या गेलेल्या इन्शुलिनची वार्ता तिच्या कानी आली आणि तिच्या आग्रहावरून क्रोग टोरांटोस गेले. स्कँडिनेव्हियात इन्शुलिन तयार करण्याची अनुज्ञा घेऊनच ते मायदेशी परतले. डॉक्टर हागेडोर्न ह्यांच्या साहाय्याने १९२३ साली ‘नॉर्डिस्क’ ही प्रयोगशाळा उभी राहिली. त्या काळी इन्शुलिन जनावरांच्या स्वादुपिंडांतून काढावे लागे. आणि डेन्मार्कमध्ये डुकरांचे मांस हा मोठाच व्यापार असल्याने कत्तलखान्यांतून ही ग्रंथी विपुल मिळे. प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या पेडरसन बंधूंनी १९२५ साली ‘नोव्हो’ हा प्रतिस्पर्धी कारखाना काढला. ही स्पर्धा चौसष्ट वर्षे चालली. १९८९ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. तत्पूर्वीच, १९८७ साली, नोव्होने मानवी इन्शुलिन यीस्टच्या पेशींकडून करवून घेण्यास प्रारंभ केला होता. मानवी जनुकाची सूचना पेशीत घालावयाची आणि हवा तो पदार्थ तिच्याकडून बनवून घ्यावयाचा, ही जैवतंत्रविद्येची मुख्य रीत होय. यीस्टचे शुद्ध वाण वाढविण्याची पद्धत एमिल हान्सेन ह्यांनी कोपनहेगनच्याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली सिद्ध केली होती, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

पैलतीरावरील लुंडही मागे नव्हते. हृदयाची हालचाल श्रवणातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाहण्याची युक्ती एडलर व हर्ट्झ ह्यांनी तेथेच १९५३ साली शोधली. दम्यावरील काही महत्त्वाची औषधेही लुंडमध्येच जन्मास आली.

असे असूनही दोन्ही तीर दीर्घकाळ एकमेकांकडे पाठ करून होते. नव्या औषधाची कल्पना सुचल्यापासून ते रुग्णाच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. तोवर लहान कंपनीजवळ विकण्यासारखे काही नसते. तिला भांडवल, तज्ज्ञ आणि चाचणीस पुरेसे रुग्ण ह्या तिन्हींची गरज लागते. साठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या डेन्मार्कला हे एकट्याने पुरविणे कठीण. म्हणून १९९७ साली लुंड व कोपनहेगन येथील विद्यापीठांच्या पुढाकाराने आणि युरोपीय संघाच्या सीमावर्ती प्रदेशांसाठी असलेल्या निधीच्या आधारे ‘मेडिकॉन व्हॅली’ ह्या नावाची संयुक्त संस्था स्थापन झाली. विद्यापीठे, रुग्णालये व कंपन्या तिचे सभासद झाले. १ जुलै २००० रोजी सामुद्रधुनीवरील मार्ग खुला झाला. त्यात सुमारे आठ किलोमीटरचा पूल, चार किलोमीटरचे कृत्रिम बेट आणि तितकाच लांब बोगदा आहे. कोपनहेगनचा विमानतळ जवळ असल्याने उंच मनोरे विमानांच्या आड येतील, म्हणून त्या बाजूस पुलाऐवजी बोगदा करावा लागला. आता माल्मोत राहून कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत नोकरी करणे शक्य झाले.

पूल बांधणे हे काम अवघड असले तरी कायद्यांचा मेळ घालणे त्याहून अवघड ठरले. दोन्ही देशांत प्रत्येक नागरिकास एक व्यक्तिगत क्रमांक असतो आणि त्याच्या आधारे रुग्णाचा इतिहास अनेक वर्षे मागे शोधता येतो; संशोधनास ही देणगीच होय. परंतु हे क्रमांक दोन आहेत, नोंदवह्या दोन आहेत आणि त्यांचे नियमही वेगवेगळे. चलनेही निरनिराळी. दोन्ही तीरांवर थोडथोडे काम करणाऱ्या डॉक्टरचा सामाजिक विमा कोणत्या देशात मोडतो, हा प्रश्न त्याला व त्याच्या मालकाला चांगलाच सतावतो. जानेवारी २०१६ मध्ये स्वीडनने निर्वासितांच्या ओघामुळे पुलावरील प्रवाशांची ओळखपत्रे तपासण्याचा नियम केला. रोज ये-जा करणाऱ्यांना कोपनहेगनच्या विमानतळावर उतरून रांगेत उभे राहावे लागे. गाड्या चुकत, आणि कित्येकांनी पैलतीरावरील नोकरीचा फेरविचार केला. ही तपासणी मे २०१७ पर्यंत चालली.

त्यापूर्वीच लुंडवर मोठा आघात झाला होता. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने तेथील संशोधनकेंद्र बंद करण्याचे २०१० साली जाहीर केले आणि सुमारे नऊशे जणांच्या नोकऱ्या संकटात आल्या. बहुतेकांनी अर्धे आयुष्य एकाच प्रकारच्या संशोधनात घालविलेले. लुंडसारख्या गावात त्यांना दुसरे काम मिळणार कोठून? बांधकाम-व्यवसायातील उद्योजक मॅट्स पॉल्सन ह्यांनी पुढे येऊन देणगी दिली आणि केंद्राच्या इमारती एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या मालकीच्या झाल्या. २०१२ पासून तेथे ‘मेडिकॉन व्हिलेज’ चालू आहे. रिकाम्या प्रयोगशाळांतून लहान लहान कंपन्या भाड्याने राहू लागल्या. त्यांतील काहींची सुरुवात तेथेच पूर्वी काम केलेल्या संशोधकांनी केली होती. भाड्यातून उरणारी रक्कम संशोधनासाठीच वापरली जाते.