दहा वाजता निघालेला शिकारी

प्रश्न : माझा धाकटा मुलगा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरजवळ असतो. त्याच्या ऑफिसातला एक जण मे महिन्यात टर्कीच्या शिकारीला जातो. पण हे गृहस्थ आरामात नाश्ता उरकून, मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून नऊ-दहाला निघतात आणि बाराच्या ठोक्याला बंदूक गाडीत ठेवून परत! माझे आजोबा त्या काळी ससे-तित्तर मारायला जायचे ते तांबडं फुटायच्या आत. ऊन वर आल्यावर शिकार मिळते तरी कशी? आणि मग बाराला सोडून का यायचं? आता तो मुलालाही ‘चल बघायला’ म्हणतोय. जाऊ द्यावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या आजोबांचं बरोबर होतं आणि त्या गृहस्थांचंही. अमेरिकेतले टर्कीचे बहुतेक शिकारीसुद्धा काळोखातच रानात जाऊन बसतात. दहाला निघणारा माणूस त्यांच्यात आळशी दिसतो खरा, पण मला तो मुरलेला वाटतो. का, ते त्या पक्ष्याची सकाळ कशी जाते यावरून कळेल.

आधी दुकानात मिळणारी पांढरी, लठ्ठ टर्की डोळ्यांपुढून काढून टाका. तिला धड उडताही येत नाही. रानातला नर काळपट, उन्हात तांब्या-पितळेसारखी झाक मारणारा, छातीवर राठ, केसांसारख्या पिसांची लोंबती दाढी असलेला, 7 ते 11 किलोचा. एवढं धूड रात्री उंच झाडाच्या फांदीवर झोपतं. वसंत ऋतूत उजाडायच्या आधीच हा नर फांदीवरून गळ्यातला गडगडाट सुरू करतो. त्याला तिकडे ‘गॉबल’ म्हणतात. वारा पडलेला असेल तर किलोमीटरभरावरूनही तो ऐकू येतो. शिकारी त्या रोखाने जाऊन दबा धरतो आणि मादीचा आवाज काढून नराला बोलावू लागतो.

घोळ इथेच होतो. टर्कीच्या जगातला रिवाज उलटा आहे. नराने ओरडायचं, पिसारा फुलवून मिरवायचं, आणि माद्यांनी त्याच्याकडे जायचं. शिकारी मात्र त्याला ‘तू इकडे ये’ म्हणत असतो. झाडाखाली चार खऱ्या माद्या उतरलेल्या असताना हा कशाला झुडपामागच्या आवाजाकडे वळेल? एक-दोन हाकांना तोंडदेखलं उत्तर देतो आणि माद्यांच्या मागून चालता होतो. सात-साडेसातला रान गप्प. पहाटे तीनला उठलेली मंडळी चडफडत कॉफी प्यायला गावात परततात.

त्यानंतर जे घडतं ते माद्यांमुळे. मादीचं घरटं जमिनीवर असतं. पडलेल्या ओंडक्याशेजारी किंवा झुडपाच्या आडोशाला पाचोळ्यात उकरलेला खळगा, एवढंच. साधारण रोज एक याप्रमाणे ती दहा-बारा अंडी घालते. अंडी घालायच्या दिवसांत सकाळचं चरणं झालं की ती कळपातून हळूच सटकते, कुणाला पत्ता लागू न देता घरट्यावर जाते. आज एक गेली, थोड्या वेळाने दुसरी. नऊ-दहाच्या सुमाराला मघाचा तो मिरवणारा नर एकटाच उरतो. इतका वेळ ज्या हाकेकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, तिच्याकडे तो आता मान उंचावून कान देतो. तुमच्या मुलाचे सहकारी निघतात ते नेमके या वेळेला.

हंगाम पुढे सरकला की त्याचा एकटेपणा वाढतच जातो. अंडी पुरी झाली की मादी जवळजवळ 28 दिवस ती उबवत बसते, दाण्या-पाण्यापुरती थोडा वेळ उठते. मेच्या उत्तरार्धात नर दिवसभर मोकळाच हिंडत असतो. दिवस चढल्यावर तो गॉबल कमी करतो हे खरं. पण सकाळी अकराला ज्याने उत्तर दिलं, तो येण्याची आशा पहाटेच्या ओरडणाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त.

उशिराच्या शिकारीची रीत निराळी असते. पहाटे पक्षी कुठल्या झाडावर आहे हे आवाजाने कळतं, दहा वाजता तो कुठेही असू शकतो. म्हणून डोंगराच्या सोंडेवरून सावकाश चालायचं, मधूनमधून थांबून हाक द्यायची. हाक देण्याआधी बसायचं झाड हेरून ठेवायचं, कारण उत्तर कधीकधी पन्नास पावलांवरून येतं आणि मग जागा शोधायला उसंत मिळत नाही. काही जण आधी कावळ्याची कर्कश काव काढतात. तिने दचकून नर नकळत गॉबल करून जातो आणि आपला ठावठिकाणा सांगून बसतो.

मादीचा आवाज काढायची साधनं बघण्यासारखी असतात. एक असते लाकडी पेटी, हातात मावेल एवढी लांबट, वर एका टोकाला खिळवलेलं झाकण. झाकणाच्या पोटाला खडू घासायचा आणि ते पेटीच्या पातळ कडेवरून ओढायचं, की थेट मादीचा ‘याक्-याक्’ आवाज निघतो. दुसरी चक्क पाटी. आपल्या शाळेतल्या दगडी पाटीचाच गोल तुकडा वाटीत बसवलेला, त्यावर लाकडी काडीने बारीक वर्तुळं काढायची. पाऊस आला की दोन्ही मुकी होतात. तिसरं साधन म्हणजे टाळूला चिकटवायचा रबराचा पातळ पडदा. हात मोकळे राहतात, पण शिकताना घरातले लोक वैतागतात. आपल्याकडे फासेपारधी तोंडाने तित्तराची हाक काढून, पिंजऱ्यातल्या पाळीव तित्तराला बोलतं करून रानातले तित्तर बोलवत असत. जात तीच. आता 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हा विषयच मिटला आहे.

एवढं करून बहुतेकांची शिकार हुकते ती बुडाला मुंग्या आल्यामुळे. दुपारकडचा नर पुष्कळदा मुकाट येतो. गॉबल नाही, पानाचा आवाज नाही. शिकारी पंधरा मिनिटांनी कंटाळून उठतो आणि मागून ‘पुट्’ असा इशाऱ्याचा आवाज येतो. संपलं! टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जरा मान वळवली की चहूकडचं दिसतं, रंगही ओळखता येतात. बोट हललं तरी टिपतो. नाक मात्र यथातथाच. त्याला वास आला असता तर एकही टर्की कुणाच्या हाती लागली नसती, असं तिकडचे जुने शिकारी म्हणतात. तेव्हा तास-तासभर खोडाला पाठ लावून दगडासारखं बसायचं, हीच उशिराच्या शिकारीची खरी विद्या.

आता बाराचा ठोका. न्यूयॉर्क राज्यात वसंतातला हंगाम 1 ते 31 मे असा असतो आणि वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते दुपारी बारा. त्यानंतर बार काढला तर गुन्हा. यामागेही पुन्हा घरट्यावरची मादीच आहे. दिवसभर माणसं रान तुडवत फिरू लागली तर ती घरट्यावरून उठते, आणि अंडी घालायच्या किंवा नुकतं उबवायला बसण्याच्या काळात एकदा बिचकली तर घरटं कायमचं सोडूनही देते. नराचं तसं नाही. तो पिल्लांसाठी काही करत नाही, एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून वसंतात दाढीवाल्या पक्ष्यालाच मारायची मुभा आहे. (थोड्या माद्यांनाही दाढी येते. कायदा दाढी बघतो, त्यामुळे अशी मादी हकनाक सापडते.) ज्या कारणामुळे दहाला नर हाती लागण्याची शक्यता वाढते, त्याच कारणासाठी बाराला हात आखडता घ्यावा लागतो.

सगळीकडे नियम एकच नाही. टेक्ससमध्ये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार चालते. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात हंगामाच्या पहिल्या भागात बारापर्यंत, शेवटच्या भागात दिवसभर, कारण तोवर बहुतेक माद्या अंड्यांवर घट्ट बसलेल्या असतात. पेनसिल्व्हेनियाचा नियम मला जास्त विचारपूर्वक केलेला वाटतो. न्यूयॉर्कचा मात्र राबवायला सोपा, बारानंतर बार ऐकू आला की वनरक्षकाला दुसरं काही विचारायलाच नको. जिथे संध्याकाळी परवानगी आहे तिथेही झोपायच्या झाडाखाली टपून बसणं हलकं समजतात, आणि झाडावर बसलेल्या पक्ष्याला मारायला बऱ्याच राज्यांत बंदीच आहे.

हे नियम तुम्हाला जाचक वाटले तर मागची हकीकत ऐका. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांमुळे 1840 च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातून रानटी टर्की पार नाहीशी झाली. शंभरेक वर्षांनी, 1948 च्या सुमाराला, पेनसिल्व्हेनियात उरलेल्या थोड्या पक्ष्यांपैकी काही सीमा ओलांडून राज्याच्या पश्चिम भागात आले. दरम्यान पाळीव वाढवलेले पक्षी सोडून बघितले, ते रानात टिकले नाहीत. मग 1959 पासून रानातलेच पक्षी जाळ्यांत धरून दुसरीकडे नेऊन सोडायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे जम बसला. देशभर वन्यजीवांच्या अशा कामांना पैसा पुरवला तो 1937 च्या एका कायद्याने. बंदुका आणि काडतुसांवरचा कर त्याने या कामासाठी बांधून दिला. त्या सहकाऱ्यांच्या काडतुसांतूनही तो कर वसूल होतोच.

राहिला मुलाचा प्रश्न. खुशाल जाऊ द्या, दोन गोष्टी मात्र सांगा. पहिली कपड्यांची. या शिकारीतला मोठा धोका पक्ष्याचा नाही, दुसऱ्या शिकाऱ्याचा. झुडपामागे मादीचा आवाज काढणारा माणूस लांबून पक्षीच वाटतो. त्यात लाल, पांढरा किंवा निळा रंग अंगावर असेल तर मोठी जोखीम, कारण फुलारलेल्या नराच्या डोक्यावर हेच तीन रंग असतात आणि ते क्षणाक्षणाला बदलतात. जहांगीर बादशहाला याचंच नवल वाटलं होतं. 1612 मध्ये मुकर्रबखानाने पोर्तुगीजांच्या गोव्यातून त्याच्यासाठी एक टर्की नेली होती. बादशहाने तिच्या डोक्या-मानेचे बदलते रंग आपल्या आठवणींत नोंदवले आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते आहे. मुलाने रानात जाताना टोपी, मोजे, खिशातला रुमालसुद्धा मातकट किंवा हिरवा ठेवावा, आणि पाठीला आपल्या खांद्यांहून रुंद खोड घ्यावं.

दुसरी गोष्ट गोचिडांची. त्या भागात मे महिन्यात त्या फार, आणि त्यांच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. पँट मोज्यांत खोचावी, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघावं. आणि ती पेटी वाजवून बघायचा मोह आवरावा. दुसऱ्याच्या शिकारीसाठी हाक देणं हाही शिकारीचाच भाग धरला जातो, तेव्हा हौस असेल तर आधी सुरक्षेचं शिक्षण घेऊन रीतसर परवाना काढावा.