भेट द्यायची ईझल : आधी माप, मग लाकूड

आमचा धंदा कापडाचा, लाकडाचा नव्हे. तरी या खेपेस सुतारकामावर लिहितो आहे, कारण मला नुकसान सोसून मिळालेला हा धडा प्रत्येक कारागिराच्या उपयोगाचा आहे.

नंदुरबारची माझी भाची कला संचालनालयाची एलिमेंटरी परीक्षा पास झाली. आता इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. जमिनीवर वाकून चित्रे काढताना तिची पाठ भरून येई. "मामू, ईझल घेऊन द्या ना," ती म्हणाली. ईझल म्हणजे चित्राचा फळा उभा धरणारी तीन पायांची लाकडी घोडी. साडीचा काठसुद्धा आधी कुणीतरी कागदावर काढतो, मगच माल विणला जातो. म्हणून मी लगेच हो म्हटले.

स्वस्तात मिळाले म्हणून ओले सागवान मिस्त्रींना दिले. फळ्याची पट्टी चार फुटांवर ठोका, असे अंदाजाने सांगितले. दोन महिन्यांत एक पाय वाकला. स्टुलावर बसले की फळा डोक्याच्या वर जाई. लाकूड गेले, मजुरीही गेली. यात मिस्त्रींचा कसूर नव्हता. दुकानात माप विचारल्याशिवाय मी कापड फाडत नाही आणि इथे तेच विसरलो.

दुसरी घोडी अशी केली :

१) जुन्या घराच्या चौकटीचे वाळलेले सागवान घेतले. खिळे आधी उपटावेत, नाहीतर करवत बिघडते. नवे सागवान घेताना पावती आणि वन खात्याचा वाहतूक परवाना पाहावा.

२) भाचीला स्टुलावर बसवून जमिनीपासून डोळ्यांपर्यंत माप घेतले : ४४ इंच. फळ्याचा मध्य तिथे यावा. २२ इंच उंचीचा फळा असेल तर खालच्या खुंट्या ३३ इंचांवर येतात.

३) पुढचे दोन पाय ५ फुटांचे, मागचा ४ फूट ९ इंच, जाडी २ बाय १ इंच. पुढच्या पायांत खाली २ फूट अंतर. वरची टोके तिरपी कापून ठोकळ्याला बोल्टने कसली. मागचा पाय बिजागरीवर.

४) जमिनीपासून १० इंचांवर आडवी पट्टी. तिथून मागच्या पायाला २ फूट साखळी, म्हणजे पाय घसरत नाही.

५) पुढच्या पायांना २४ ते ३९ इंचांपर्यंत दर ३ इंचांवर भोके आणि बाभळीच्या दोन खुंट्या. मूल वाढले की खुंट्या वर सरकवायच्या.

६) पॉलिश पेपर मारून जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, तो आपोआप पेट घेतो. कापडाच्या दुकानदाराने हे विशेष ध्यानात ठेवावे. चिंध्या पाण्यात भिजवून मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात.

मिस्त्रींनी पायांचा फर्मा जपून ठेवला आहे. कुणी तशीच घोडी मागितली तर लाकूड, बिजागरी, साखळी आणि पूर्ण दिवसाची मजुरी वेगवेगळी लिहूनच भाव सांगावा. भेट देताना मेहनत मोजत नाहीत, पण धंद्यात ती मोजली नाही तर कारागिराच्या घरची चूल थंड पडते.