मेण, चरबी आणि नमद्याची चकती

घाटंजी, जि. यवतमाळ

भाचेबुवा,

तुझा फोटो पोचला. टेक्सासच्या उन्हात डोळे बारीक करून उभा आहेस आणि हातात १८६० च्या कोल्ट आर्मीची इटलीत घडवलेली प्रतिकृती. ताईला मी फोटो दाखवलेला नाही, ते धाडस तूच कर. एक दुकानदार गोळीवर थापायच्या मलमाची डबी देतो, दुसरा वंगण पाजलेल्या चकत्या घे म्हणतो, तिसरा म्हणतो गाडीचं ग्रीसही चालतं. यातलं खरं काय, असं तू विचारलंस. माझी उभी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात गेली, तरी तुझ्या हातातलं हत्यार मी चित्रातच पाहिलं आहे. पण त्यात पडते ती काळी दारू आणि आपल्या वावरातल्या तोंडाकडून ठासायच्या भरमारीत पडते ती दारू एकाच कुळातली. तिचे स्वभाव मला ठाऊक आहेत.

गाडीचं ग्रीस आजच डोक्यातून काढ. काळी दारू जळली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाचा वायू होतच नाही. त्यातलं काही धुरातून उडतं, उरलेलं क्षारांची काजळी होऊन नळीत बसतं. ही काजळी सुकली की कडक थर धरते आणि दमट हवा लागली की पाणी ओढून लोखंड खाते. गोळी सुळकन जावी म्हणून वंगण असतं असं सगळे समजतात. त्याचं मोठं काम काजळी मऊ ठेवण्याचं आहे, म्हणजे पुढची गोळी मागचा मळ पुसत जाते. जनावराची चरबी, झाडाचं तेल, मधमाशीचं मेण यांचं काजळीशी जमतं. खनिज तेलाचं ग्रीस तिच्यात मिसळून डांबरासारखा चिकटा तयार होतो आणि तो काढता काढता संध्याकाळ होते. गंमत अशी की पॅराफिन मेणही खनिज तेलातूनच येतं, पण ते शुद्ध केलेलं असेल तर त्रास देत नाही. तिकडचे जुने नेमबाज बकऱ्याची चरबी एक भाग, पॅराफिन एक भाग आणि मधमाशीचं मेण अर्धा भाग असं वजनाने घेऊन वितळवतात. मला ती कृती पटते.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लांबतं आहे ते. तुझ्या सिलिंडरला सहा घरं आहेत. एक घर उडालं की त्याची आग शेजारच्या घरात शिरू शकते आणि नळीसमोर नसलेली गोळी सुटते. यालाच साखळी लागणं म्हणतात. भरमारीला एकच नळी, म्हणून आपल्याकडच्या माणसाला ही भीती माहीत नाही; तुला असलीच पाहिजे. गोळीवर मलम थापलं की ही आग अडते असं तुला सांगितलं गेलं. अर्धं खरं आहे. पहिला बार झाला की शेजारच्या दोन घरांवरचं मलम झळेने उडतं आणि टेक्सासच्या उन्हात उरलेलं आपोआप गळतं. जे पहिल्या बाराला जातं त्याच्यावर पाचव्या बाराचा भरवसा कसा ठेवायचा?

खरा अडसर शिशाचा आहे. गोळी घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी हवी. ४४ च्या रिव्हॉल्वरला ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची लागते. तुझ्या पुस्तिकेत जी लिहिली असेल तीच घे. दट्ट्याने ती आत दाबताना शिशाची बारीक कडी कापली जाऊन बाहेर पडली पाहिजे. कडी पूर्ण गोल निघाली तर घर बंद झालं असं समज. अर्धवट निघाली किंवा निघालीच नाही तर ती गोळी वापरू नकोस, वर कितीही मलम थाप. दुसरी वाट मागून आहे. घरामागच्या निप्पलवर ठिणगी पाडणारी टोपी सैल बसली किंवा गळून पडली तर आग तिथूनही शिरते. टोपी चिमटून बसवायची वेळ येत असेल तर माप चुकलं आहे. दहा नंबर आणि अकरा नंबर दोन्ही आणून बघ, घट्ट बसेल ती ठेव.

मग चकती कशाला? दारू आणि गोळी यांच्या मध्ये ती बसते, आग अडवायला दुसरी भिंत होते आणि वंगण बरोबर काजळीच्या जागी नेऊन सोडते. मलमाने हात, मूठ आणि खिसा माखतो, चकतीने माखत नाही. मी तुझ्या जागी असतो तर मलमाची डबी घेतलीच नसती.

चकती लोकरीच्या नमद्याचीच हवी, साधारण तीन मिलिमीटर जाडीची. आपला जिल्हा कापसाचा, म्हणून तुला वाटेल कापूस का नको. कापूस धुमसत राहतो. तुझे आजोबा जागलीला जाताना भरमारीत गोणपाटाचा बोळा ठासायचे, आणि रानडुकरांच्या कळपाला पळवायला हवेत बार काढला की आधी बोळा विझला का ते बघायला धुऱ्यावर धावायचे. फेब्रुवारीनंतर वावरात पऱ्हाट्यांचे ढीग वाळलेले असतात. एक धुमसता बोळा पुरे. ताग आणि कापूस दोन्ही धुमसणाऱ्या जातीचे. लोकर पेट घेते, पण ज्योत काढली की बहुतेक वेळा आपली आपण विझते. तरी तुमच्याकडे गवत वाळलेलं असेल त्या दिवशी पाण्याची बादली जवळ असू दे. नकली धाग्याचा नमदा स्वस्त मिळतो आणि दिसायला सारखाच असतो. तो नळीत वितळून चिकटतो. पाकीट उघडलंस की एक चकती चिमट्यात धरून जाळ. केस जळल्याचा वास आला तर लोकर; गळून थेंब झाला तर पाकीट परत कर.

वंगण पाजायची रीत सोपी. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मेण-चरबी वितळव, थेट आचेवर नको. चकत्या बुडव, काढ, दाबून जास्तीचं निपटून टाक आणि झाकणाच्या डब्यात ठेव. चिंब चकती भरून रिव्हॉल्वर उन्हात तासन् तास ठेवलंस तर वंगण दारूत उतरेल आणि बार फुसका जाईल. भरायचं ते उडवायचंच म्हणून भरायचं.

चरबीचं नाव कानावर गेलं तर इकडे आल्यावर ताई तुला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देणार नाही, म्हणून पर्याय सांगतो. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, बकऱ्याची चरबी पंचेचाळीसच्या आसपास, खोबरेल तेल २४ ला. घाटंजीत मे महिन्यात तूप बरणीत आपोआप पातळ होतं, ते तुझ्याकडेही होईल. म्हणून उन्हाळ्यात मेण वाढव, थंडीत तेल वाढव. तूप चालेल, त्यात मीठही नाही आणि पाणीही नाही. खारं लोणी मात्र अजिबात नको, मीठ लोखंडाला गंज आणतं. आपल्याकडचं मोहाचं तेलही चाललं असतं. जवसाचं तेल मात्र हवा लागली की सुकून पापुद्रा धरतं, ते बंदुकीच्या लाकडी दस्त्याला लाव, नळीत नको. तिकडे लोक क्रिस्को नावाचं वनस्पती तूप गोळीवर थापतात ना? १९११ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा सरकीच्या तेलाचं होतं. आपल्या पिकाची चुलत नात तुझ्या रिव्हॉल्वरपर्यंत पोचली म्हणायची.

वंगणाबद्दल एक गोष्ट इतिहासातूनही घे. एन्फिल्ड रायफलचं काडतूस कागदाचं, टोकाला चरबी चोपडलेली आणि ते दातांनी फाडायचं. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला कुजबुज सुरू झाली की ही चरबी गाईची आणि डुकराची आहे. चरबी नेमकी कसली, हे सरकारला खात्रीने सांगता येईना. मग हुकूम निघाला की शिपायांनी आपापलं वंगण लावावं. तोवर संशय चरबीवरून कागदाच्या चकाकीवर गेला होता. २४ एप्रिलला मेरठच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतूस घेतलं नाही आणि १० मे रोजी तिथे जो उठाव झाला तो तू शाळेत शिकलास. वरसईच्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही ही काडतुसांची हकिगत आहे, मिळालं तर वाच. माझं म्हणणं एवढंच की डबीवर काय घातलंय ते लिहिलं नसेल तर ती डबी घेऊ नकोस, मग दुकानदार कितीही पाठीवर थाप मारो.

आणखी एक, जे तुला कुणी सांगितलं नसेल. चारदोन फेऱ्यांनंतर सिलिंडर फिरेनासं झालं की लोक नळी घासत बसतात. बहुतेक वेळा दोष मधल्या दांड्याचा असतो, ज्याच्यावर सिलिंडर फिरतं. कोल्टच्या दांड्यावर वंगण धरायला खाचा असतात, त्या सुरुवातीलाच भर. रेमिंग्टन रिव्हॉल्वरचा दांडा बारीक आणि गुळगुळीत असल्यामुळे त्याचं सिलिंडर लवकर अडकतं. मित्राने घेतलं असेल तर त्याला सांग.

मापाबद्दल. तीस ग्रेन दारू म्हणजे किती, असं तू विचारलंस. तोळा १८० ग्रेनचा, कंपनी सरकारनेच ठरवलेला. तोळ्याचे मासे बारा. म्हणजे तीस ग्रेन बरोबर दोन मासे. कमी भरलीस तरी दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहता कामा नये. तिकडचे लोक तिथे मक्याचं पीठ किंवा रवा घालतात. हो, उपम्याचाच. दारू डब्यातून थेट घरात कधी ओतू नकोस. आधी मापात, मग मापातून घरात. आत एखादी ठिणगी जिवंत असेल तर माप पेटेल, डबा पेटणार नाही. बिनधुराची दारू तर चिमूटभरही नको, त्याने सिलिंडर फुटतं. भरण्याआधी घरातलं तेल पुसून नुसत्या टोप्या उडव. खेळ संपला की त्याच दिवशी गरम पाण्याने धू, कोरडं कर, मग तेल लाव. रात्र जाऊ देऊ नकोस.

तुमच्याकडे केंद्राच्या कायद्यात अशी जुन्या घडणीची प्रतिकृती बंदुकीत मोजत नाहीत, राज्याराज्याचे नियम मात्र वेगळे, तेवढे आपल्या गावचे बघून घे. इथे माझ्या भरमारीलाही पीकसंरक्षणाचा परवाना लागतो, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षांचा झाला. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला सांगू शकतात, आणि रोही किंवा डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. म्हणून डिसेंबरात येशील तेव्हा त्या रिव्हॉल्वरचा सुटा स्क्रूसुद्धा सामानात नको.

तुझा मामा