देवाची हाक आणि आपले 'नंतर बघू'



संत मार्कचे शुभवर्तमान लक्षपूर्वक वाचले तर एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो, तो म्हणजे 'लगेच'. मूळ ग्रीक ग्रंथात या अर्थाचा शब्द सुमारे चाळीस वेळा आला आहे. पहिल्याच अध्यायात (मार्क १:१६-२०) गालील समुद्राच्या काठी येशू चार कोळ्यांना हाक मारतो. शिमोन आणि आंद्रिया पाण्यात जाळे टाकत होते, याकोब आणि योहान होडीत जाळी नीट करीत होते. चौघेही ऐन कामात होते, तरी निघाले.

बापाला असे होडीत सोडून जाणे बरे का, अशी शंका मनात येते. पण मार्कने एक बारीक तपशील दिला आहे: जब्दीजवळ मोलकरी होते. म्हणजे बाप उघड्यावर पडला नाही. शिवाय योहानच्या शुभवर्तमानानुसार (१:३५-४२) आंद्रिया येशूला आधीच भेटला होता आणि आपल्या भावालाही त्याने येशूकडे नेले होते. तेव्हा ही अनोळखी माणसाची हाक नव्हती. तत्परतेला आपण कधी कधी उतावळेपणा समजतो, म्हणून हे सांगितले.

एलिया संदेष्ट्याने अलीशाच्या अंगावर आपला झगा टाकला (१ राजे १९), तेव्हा अलीशाने आईवडिलांचा निरोप घेण्यास वेळ मागितला. मात्र माघारी जाऊन त्याने बैल कापले, औताच्याच लाकडांवर मांस शिजवले आणि लोकांना जेवू घातले. पुन्हा नांगर धरण्याची सोयच ठेवली नाही! लूकच्या नवव्या अध्यायातील माणसानेही निरोपापुरताच वेळ मागितला, पण येशूने त्याला मागे पाहण्याबद्दल बजावले. मला वाटते, त्याचे मन घरातच अडकलेले येशूला दिसले असावे.

संत मदर तेरेसा यांना १० सप्टेंबर १९४६ रोजी, तपसाधनेसाठी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत, गरिबांतील गरिबांच्या सेवेचे पाचारण झाले. लोरेटो मठातून त्या बाहेर पडल्या ऑगस्ट १९४८ मध्ये. जवळजवळ दोन वर्षे! पण ही दिरंगाई त्यांची नव्हती. परतल्यावर त्यांनी आपले आध्यात्मिक मार्गदर्शक फादर व्हॅन एक्झेम यांना सारे सांगितले. पुढे आर्चबिशप पेरिए आणि रोम यांनी पारख करण्यास वेळ घेतला. तोवर त्या आज्ञेत राहिल्या आणि पत्रे लिहून विनवीतही राहिल्या.

आपल्याला अशी मोठी हाक येणार नाही, म्हणून निर्धास्त राहता येत नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्यास येशू सांगतो (मत्तय ५:२३-२४). बांधावरून, वाटणीवरून अबोला धरलेली घरे आपल्याही धर्मग्रामात आहेत. पुढच्या बाकावर भाऊ बसलेला असतो आणि आपण 'नाताळात बघू' म्हणतो.

माझेच सांगतो. आमच्या आळीतील एका आजारी गृहस्थांनी मला निरोप धाडला होता. आमच्यात जुना वाद होता. 'रविवारी मिस्सा झाली की जातो', असे मी म्हटले. दोन रविवार गेले. तिसऱ्या आठवड्यात गेलो, तो अंत्यविधीला. त्यांच्या पत्नीने मला दोष दिला नाही. "तुमची वाट पाहत होते," एवढेच त्या म्हणाल्या.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेत १ शमुवेल, अध्याय ३ वाचावा. वाचन घरातील लहान मुलाने केले तर उत्तम.